बालवाडीला कुलूप लागतं तेव्हा घरी कोण राहतं?

खुर्च्या संपल्यामुळं पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींसह सर्व नगरकरहो! अहिल्यानगरकरहो म्हणायला हवं. नाव बदलून झालं, माझ्या जिभेला अजून वळण पडायचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला ‘बालशिक्षणाचं भवितव्य’ असा भलाथोरला विषय दिला होता. भवितव्यावर बोलायला विद्वान पुष्कळ आहेत. मी तो विषय आपला छोटा करून घेतला आहे. गावातली, वस्तीवरची, मोहल्ल्यातली बालवाडी बंद पडते तेव्हा नेमकं काय होतं, आणि त्या मुलांचे आईबाप त्याविरुद्ध का उभे राहत नाहीत, एवढंच मी बोलणार आहे. बालवाडी म्हणताना मी सरकारी अंगणवाडी, संस्थेचं पाळणाघर, महिला मंडळानं चालवलेली बालवाडी, सगळं एकत्र धरतो. तीन वर्षांच्या मुलाला त्यातला फरक कळत नाही, आणि त्याच्या आईला तो कळून घ्यायला वेळ नसतो.

सुरुवातीलाच एक विचारतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांची नातवंडं अंगणवाडीत जातात? हात वर करू नका, उगाच अवघडल्यासारखं होईल. उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आपल्या नातवंडांना न्यायला दारात पिवळी गाडी येते. वाईट काही नाही त्यात. पण हे उत्तर लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या बोलण्याचा धागा तिथून निघतो.

तर पहिली गोष्ट. बालवाडी बंद पडते कशी?

शाळा बंद करायची तर कागद निघतो. २०२३च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचं पत्र शिक्षण आयुक्तालयातून निघालं. अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर निघाल्या आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. का झाला? कागद होता म्हणून झाला. कागदावर तारीख असते, सही असते, त्याच्या झेरॉक्स काढता येतात, मोर्चा नेता येतो. बालवाडीचं तसं नसतं. ताई निवृत्त होतात, त्यांची जागा भरली जात नाही. शेजारच्या वस्तीवरच्या ताईंकडं अतिरिक्त कार्यभार येतो. त्या इकडं दोन दिवस, तिकडं चार दिवस. मग इकडचा एक दिवस होतो. पावसाळ्यात खोली गळते, तेव्हा पोरांना समाजमंदिरात बसवतात, तिथं लग्न असलं की सुट्टी. भाड्याच्या खोलीचं भाडं थकतं, मालक सामान बाहेर काढत नाही, चांगला माणूस असतो तो, पण तोंड वळवून जातो. वजनकाटा मोडतो. पट कागदावर राहतो. आणि एक दिवस कुलूप तसंच राहतं. तारीख विचाराल तर गावात कुणालाही सांगता येत नाही.

पट कमी का होतो, याचं खापर आपण जन्मदरावर फोडतो. थोडं खरंही आहे ते. पण आपल्या जिल्ह्यात खरं कारण ती पिवळी गाडी आहे. ज्याच्याकडं दोन एकर बागायत आहे, ज्याचा मुलगा सोसायटीत कारकून आहे, ज्याला ग्रामसेवक ओळखतो, त्याचं पोर आधी उठतं. ज्यांच्या बोलण्याला गावात वजन आहे ते आईबाप आधी बाहेर पडतात. मागं राहतात ते शेतमजूर, वीटभट्टीवरचे, ऊसतोडीचे, भिल्ल वस्तीवरचे, कुणाची तरी सोडून दिलेली लेक. मग बालवाडी बंद पडली तर ओरडणार कोण? ओरडू शकणारे केव्हाच निघून गेले. तुम्ही आणि मी.

(टाळ्या वाजवू नका, ही टाळीची जागा नाही.)

शिवाय, आपल्या जिल्ह्याची ठेवणच निराळी. राज्यातला हा क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, चौदा तालुके. राहाता, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या पाटपाण्याच्या पट्ट्यात माणसं गावठाणात राहत नाहीत, शेतातल्या वस्तीवर राहतात. अकोल्यात डोंगराच्या कुशीत पाड्यावर राहतात. मुंबईत-पुण्यात बसून नकाशावर पाहिलं तर दोन अंगणवाड्या एकत्र करून मराठी शाळेच्या आवारात नेणं शहाणपणाचं दिसतं. तिथं पक्की खोली आहे, संडास आहे, नळ आहे. शाळेला जोडलेली बालवाटिका ही कल्पना नव्या शैक्षणिक धोरणातही आहे आणि कल्पना म्हणून ती मला मान्य आहे. पण वस्तीपासून गावठाण अडीच किलोमीटर, मधे चारी आणि ऊस. सव्वातीन वर्षांचं पोर तिथं पोहोचणार कसं? त्याला पोहोचवायचं तर आईचा रोज बुडतो. म्हणजे कुणीही काही बंद केलेलं नसतं, उलट सुधारणाच केलेली असते, आणि त्या पोरापुरती बालवाडी बंद झालेली असते.

पाळणाघरांचं तर याहून चमत्कारिक झालं. कष्टकरी बायकांच्या मुलांसाठी २००६ साली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. समाजकल्याण मंडळामार्फत, बालकल्याण परिषदेमार्फत, छोट्या छोट्या संस्थांनी देशभर पाळणाघरं उघडली. एका काळी ती वीस हजारांच्या वर होती. २०१७च्या जानेवारीपासून योजना राज्यांच्या हवाली झाली. खर्चाची वाटणी ठरली: केंद्र ६० टक्के, राज्य ३०, संस्था १०. कागदावर चूक काय आहे यात? काहीच नाही. पण तिघांनी मिळून द्यायचं म्हटल्यावर तिघंही एकमेकांकडं बघत बसले, आणि तीन-चार वर्षांत देशातली चालू पाळणाघरं साडेसहा हजारांच्या आसपास उरली. पाळणाघरातलं मानधन तरी किती होतं? सांभाळणाऱ्या बाईंना महिना ३,००० रुपये, मदतनिसांना १,५००. तेवढंही महिनोन् महिने आलं नाही तर पाळणाघर किती दिवस चालेल? हजारो पाळणाघरं मिटली, एखादा मोठा मोर्चा तुम्हाला आठवतो का? एखादी पहिल्या पानावरची बातमी? पुढं २०२२मध्ये ‘पाळणा’ नावानं योजना पुन्हा मांडली गेली, १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचं लक्ष्य ठेवून. म्हणजे जे होतं त्याहून कमी ठेवायचं, हेच आता लक्ष्य.

आता मी दुसऱ्या मुद्द्याकडं येतो, आणि इथं थोडा थांबणार आहे, कारण मला जे सांगायचं आहे ते हेच आहे.

बालवाडी बंद पडली की ते पोर कुठं जातं? आपण म्हणतो, घरी राहतं. तीन वर्षांचं पोर घरी एकटं राहत नाही, महाराज! त्याच्याबरोबर कुणीतरी राहावं लागतं. आई कामावर. बाप कामावर, किंवा असून नसल्यासारखा. आजी खुरपायला जाते, साठीतली आजी आपल्याकडं म्हातारी धरत नाहीत. मग कोण राहतं? त्याची नऊ वर्षांची ताई. तिसरी-चौथीतली. आधी ती आठवड्यातून एक दिवस शाळा चुकवते, बाजाराच्या दिवशी. मग कापूस वेचणीच्या पंधरवड्यात. मग कांद्याच्या काढणीत. गुरुजी हजेरी लावतात, कारण त्यांनाही पट दाखवायचा असतो. पाचवीत तिला वाचता येत नाही, असं कुठल्यातरी पाहणीत निघतं, आणि आपण अग्रलेख लिहितो: ग्रामीण शिक्षणाचा दर्जा घसरला! दर्जा कशाला घसरेल? ती वर्गात नव्हतीच. ती कडेवर भाऊ घेऊन ओट्यावर बसली होती.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांना ते सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी दिसलं होतं. ताराबाई नूतन बालशिक्षण संघाच्या, गिजुभाई बधेकांच्या सहकारी. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांची सुंदर बालमंदिरं चालवून त्या थांबू शकल्या असत्या. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथं मिळाल्या, आणि १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेल्या. आधी त्यांनी बालवाडी मांडली, पोरं येईनात. म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी, जे नाव पुढं सरकारी योजनेनं उचललं. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्यापुढची कमी सांगितली जाते. मोठी मुलं प्राथमिक शाळेत येत ती धाकट्या भावंडांना घेऊन, नाहीतर येतच नसत. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. त्या प्रयोगाला विकासवाडी म्हणाल्या. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा, ती वेगळीच कथा.

म्हणजे या दोघी बायकांना जे कळलं होतं, ते तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचं तर असं: बालवाडी ही तीन वर्षांच्या मुलाची सोय जितकी आहे, तितकीच ती नऊ वर्षांच्या मुलीची शाळा आहे.

नगरकरांना मुलींच्या शिक्षणाचा अभिमान आहे, असायलाच हवा. सिंथिया फरार बाईंनी इथं एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीरावांनी त्या पाहिल्या, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण इथं झालं. दर ३ जानेवारीला आपण हे सांगतो. मग दर ४ जानेवारीला त्या ओट्यावर बसलेल्या मुलीचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. तिला शाळेत आणायला सायकली वाटून उपयोग नाही. तिच्या कडेवरचं पोर आधी कुणीतरी घ्यायला हवं.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांत हेच दरसाल दिवाळीच्या सुमाराला घडतं, आणि तिथं तर कुलूपही लागत नाही. अंगणवाडी उघडी असते, पोरं नसतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, टायरगाड्या, ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. आता बघा, आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून आपण प्रवरानगरचं नाव घेतो. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ही नावं घेतल्यावर ऊर भरून येतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची माणसं ऊस तोडायला घरदार सोडतात. कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात, पहाटे चारला आईबाप फडात जातात, आणि कोपीत कोण राहतं? पुन्हा तीच. नऊ वर्षांची. तळावर अंगणवाडी आणा, साखरशाळा आणा, असे प्रयत्न झाले; काही चांगले झाले, बरेच निधीबरोबर आटले. गावात तिचं नाव पटावर, तळावर तिचं नाव कुठंच नाही, आणि मार्च-एप्रिलात परत आल्यावर गावातल्या ताई तिच्या भावाला वजनकाट्यावर उभं करतात तेव्हा दिवाळीपासूनचा रकाना कोरा.

अंगणवाडी उघडी असली तरी सगळं भागतं, असंही नाही. शेतमजूर बाई सकाळी निघते ती संध्याकाळी परत येते. अंगणवाडी दुपारी सुटते. मधल्या तासांचं काय? तिथंच पाळणाघर लागतं. फॅक्टरी कायद्यात १९४८पासून पाळणाघर होतं. तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर ते द्यावंच लागायचं. पण नगरची, संगमनेरची विडी वळणारी बाई घरी बसून वळते, तिची फॅक्टरी तिचं घर, मग पाळणाघर कुणी द्यायचं? रोजगार हमीच्या कायद्यात तर इतकं नेटकं लिहिलं होतं: कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला कामावर लावायचं, तिला तेवढीच मजुरी द्यायची. तुमच्यापैकी कुणी कामावर अशी सांभाळणारी बाई पाहिली आहे? दुष्काळातल्या खडी केंद्रांवर बाभळीला बांधलेल्या झोळ्या मात्र आपल्यातल्या साठी-सत्तरीच्या मंडळींना आठवत असतील.

तिसरी गोष्ट आईबापांची.

आपल्याकडं एक वाक्य फार सहज म्हणतात: पालकांनाच काही पडलेलं नाही. मला हे वाक्य खोटं वाटतं, आणि थोडं निर्लज्जपणाचंही. पालकसभा दुपारी बाराला. ज्या बाईचा दिवसाचा रोज तीनशे-चारशे, तिनं तो बुडवून सभेला यायचं, तिथं सतरंजीवर मागं बसायचं, आणि तिला कळतच नाही अशा भाषेतलं परिपत्रक ऐकायचं. आली नाही तर तिला पडलेलं नाही!

२०२३च्या ४ डिसेंबरला राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. राज्यात अंगणवाड्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. बावन्न दिवस बहुतेकींना कुलूप. सेविकेचं मानधन तेव्हा १०,००० रुपये, मदतनिसाचं ५,५००. मागणी होती २६,००० वेतनाची, सरकारी कर्मचाऱ्याच्या दर्जाची, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयानं २०२२च्या एप्रिलमध्येच मान्य केला होता. सरकारनं नोटिसा काढल्या, किल्ल्या मागितल्या, आशाताईंनी आणि ग्रामपंचायतींनी खाऊ वाटावा असं सुचवलं. २५ जानेवारीला संप मिटला.

त्या बावन्न दिवसांत आईबापांची बाजू कुणी विचारली? सरकार म्हणत होतं, बालकांचे हाल होतात, संप मागे घ्या. संघटना म्हणत होत्या, हाल सरकारमुळं होतात. दोघंही त्या पोरांच्या नावानं बोलत होते. माझं मत विचाराल तर संप योग्य होता. जिच्या हातात आपण पोराची पहिली सहा वर्षं देतो तिला मानसेवी म्हणून हिणवायचं, आणि ती थांबली की ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून दटावायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही. पण संपाचा बोजा शेवटी कुणाच्या कडेवर गेला, हेही मला विसरता येत नाही. ताईंचा संप आणि आईची मजुरी यांत भांडण लावून देणं फार सोपं असतं. ज्या गावांत ताई त्याच वस्तीच्या, त्याच पाणवठ्याच्या असतात, तिथं ते भांडण लागणं जरा अवघड जातं.

जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७०पासून जे काम उभं केलं, त्याचं मर्म हेच होतं असं मला वाटतं. दवाखान्याची इमारत मोठी करण्याऐवजी त्यांनी गावातलीच बाई निवडली, पुष्कळदा निरक्षर, पुष्कळदा दलित, आणि तिच्या हातात गावातल्या पोरांचं आरोग्य दिलं. जग तिथं शिकायला आलं. आपण मॅगसेसे पुरस्काराचं वर्ष तेवढं पाठ केलं.

आईबाप लढले तर काय होतं, याचं एक दूरचं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं कारखान्यात गेल्या, तेव्हा सरकारनं त्यांच्या मुलांसाठी हजारोंनी केंद्रं उघडली. युद्ध संपलं, पैसे संपले, १९४६च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारचा निधी थांबला आणि बहुतेक केंद्रं मिटली. कॅलिफोर्नियात मात्र आयांनी पत्रं लिहिली, राज्याच्या राजधानीत ठाण मांडलं, आणि तिथली केंद्रं राज्याच्या पैशानं चालू राहिली. त्या बायका काही फार शूर आणि आपल्या भित्र्या, असं नाही. त्या एका छपराखाली काम करत होत्या, जेवणाच्या सुट्टीत एकमेकींशी बोलू शकत होत्या. आपली बाई आज या बांधावर, उद्या त्या.

म्हणून कायद्यानं तिच्या हातात जे दिलं आहे ते तिच्यापर्यंत न्यायचं काम दुसऱ्या कुणालातरी करावं लागणार. आणि दिलं आहे, बरं का! अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सांगितलं की प्रत्येक वस्तीला अंगणवाडी हवी. १३ डिसेंबर २००६च्या आदेशात त्याहून पुढं जाऊन सांगितलं: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मागेल त्याला शेततळं आपल्याला पाठ आहे. मागेल त्याला अंगणवाडी कुणी ऐकलं? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. ही कुणाची मेहेरबानी नाही, मधेच थांबवता येईल अशी.

आणि ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो आपल्या गावात कशावर खर्च झाला, हे एकदा विचारून बघा. गळणाऱ्या खोलीवर पत्रे टाकायला, भाडं द्यायला, दुपारनंतर त्याच खोलीत पोरं सांभाळणाऱ्या एखाद्या बाईला चार पैसे द्यायला तो चालतो. शिलाई मशीनची छायाचित्रं थोडी कमी निघतील, एवढंच.

या सभागृहात माजी सरपंच आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, पतसंस्थांचे संचालक तर पहिल्या दोन रांगांत भरगच्च आहेत. तुमची नातवंडं पिवळ्या गाडीनं जाऊ देत. पण अर्ज तुम्हाला लिहिता येतो. वस्तीवर जाऊन चाळीस मुलांची नावं, वयं, आयांचे अंगठे घेता येतात. तीन महिने मोजता येतात. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलं तर तुम्हाला उठवत नाहीत. त्या बाईला उठवतात.

वेळ कधीची धरायची, तेही सांगतो आणि थांबतो, चहा थंड होतो आहे. गावोगाव ग्रामसभा साधारण चार ठरलेल्या दिवशी होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला पाथर्डीची, जामखेडची माणसं फडात असतात. १ मेला नुकती परतलेली असतात, उचलीचा हिशेब चाललेला असतो. २ ऑक्टोबरला ती गावात असतात. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना त्याच तारखेला सुरू झाली होती. २ ऑक्टोबरनंतरच्या पंधरा-वीस दिवसांत मुकादम दारात येतो. त्या सभेची वेळ सकाळी अकराऐवजी संध्याकाळी सातची ठेवा, आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय बालवाडीचा घ्या.